विरोधक, विरोधी पक्ष आणि प्रतिपक्ष

प्रश्न असा आहे: 'विरोधक', 'विरोधी पक्ष', 'विपक्ष', 'प्रतिपक्ष' हे शब्द बातम्यांत एकाच अर्थाने येतात. त्यांत फरक आहे का? आणि 'विरोधी पक्षनेता नाही' म्हणजे विरोधी पक्षच नाही का?

फरक आहे. विरोध करणारा तो विरोधक. स्वतःच्या सरकारच्या एखाद्या निर्णयाविरुद्ध बोलणारा सत्ताधारी आमदारही त्या विषयापुरता विरोधकच. 'विरोधी पक्ष' ही मात्र सभागृहातली जागा आहे, आणि एखाद्या विधेयकाला पाठिंबा दिल्याने ती सुटत नाही. म्हणूनच 'विरोधकांनी विधेयकाला पाठिंबा दिला' हे वाक्य कानाला खटकते. 'विरोधी पक्षांनी दिला' म्हटले की खटकत नाही. बातमी लिहिताना एवढी कसोटी पुरते.

'विपक्ष' संस्कृतातलाच, पण आज मराठीत तो हिंदी वाहिन्यांमुळे ऐकू येतो. त्याची गरज नाही.

'प्रतिपक्ष' मात्र मोलाचा शब्द आहे. न्यायसूत्रांत, म्हणजे न्यायदर्शन या तर्कशास्त्राच्या मूळ ग्रंथात, वादाची व्याख्या 'पक्षप्रतिपक्षपरिग्रहो वादः' अशी संपते. एकाने एक बाजू धरायची, दुसऱ्याने उलट बाजू धरायची, आणि दोघांनीही आपापली बाजू प्रमाणांनी सिद्ध करायची. समोरच्याचे नुसते खोडायचे, स्वतःची बाजू मांडायचीच नाही, त्याला तिथे 'वितंडा' म्हटले आहे. आपला 'वितंडवाद' तिथूनच आला. आता त्याचा अर्थ निरर्थक भांडण एवढाच उरला आहे, मूळ अर्थ किती तरी नेमका होता.

हा भेद संसदेच्या कामकाजातही दिसतो. लोकसभेत खात्याच्या अनुदानाच्या मागणीवर, म्हणजे खात्याने खर्चासाठी मागितलेल्या रकमेवर, ती कमी करावी अशी कपात सूचना देता येते. 'मागणी १ रुपयापर्यंत कमी करावी' अशी सूचना म्हणजे त्या खात्याचे धोरणच अमान्य. ती देणाऱ्याला धोरणातला कोणता मुद्दा चर्चेला घ्यायचा ते नेमके लिहून द्यावे लागते, आणि चर्चेत पर्यायी धोरण मांडण्याची मुभा नियमानेच दिलेली आहे. विरोधी पक्ष प्रतिपक्ष होतो तो इथे. सभात्यागाची बातमी मोठी होते आणि ही सूचना कुणी वाचतही नाही, याचे वाईट वाटते.

आता पदाचे. संसदेतील विरोधी पक्षनेत्यांच्या वेतनाचा कायदा १९७७ चा. त्यानुसार सरकारविरोधी पक्षांपैकी सर्वाधिक सदस्यांच्या पक्षाचा सभागृहातला नेता, आणि अध्यक्षांनी किंवा सभापतींनी मान्यता दिलेला, तो विरोधी पक्षनेता. एकदशांश सदस्यांची अट या व्याख्येत नाही. ती मान्यतेच्या प्रथेतून आली. लोकसभेच्या ५४३ जागांना ती ५५ होते. २०१४ मध्ये काँग्रेसचे ४४ सदस्य होते आणि पद रिकामे राहिले, पण विरोधी पक्ष होताच. माहिती अधिकार कायद्याने (२००५) ही अडचण आधीच ओळखली होती: माहिती आयुक्तांच्या निवड समितीत लोकसभेतला विरोधी पक्षनेता असतो; मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नसेल, तर त्या समितीपुरता सर्वांत मोठ्या विरोधी गटाचा नेताच तो मानावा.

लेखनाबद्दल दोन गोष्टी. 'विरोधी पक्षनेता' तोडून लिहिले की 'विरोधी' हे पक्षनेत्याचे विशेषण वाटते. अर्थाने 'विरोधीपक्षनेता' हा जोडशब्द नेटका, पण तोडलेले रूप आता इतके रुळले आहे की ते चूक म्हणू नये. 'नेतृपद' व्याकरणाला धरून असले, तरी 'विरोधी पक्षनेतेपद' हेच रूप चालते, ते चालू द्यावे. मात्र पद रिकामे असताना कुणाला 'विरोधी पक्षनेते' लिहू नये. 'सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचे गटनेते' असे लिहावे.