वाचकांचे प्रश्न : गुण घसरण्याआधी काय घसरते?

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. आम्ही दापोली तालुक्यातल्या एका बंदराशेजारी राहतो. यजमान ट्रॉलरवर तांडेल असल्यामुळे हंगामात आठ-आठ दिवस समुद्रावर असतात. मुलाला आठवीत 78 टक्के होते, नववीच्या पहिल्या सत्रात तो 54 वर आला. मागच्या महिन्यात त्याच्या कंपासपेटीत पातळ कागदांचे पाकीट सापडले. आधी कानांवर हात ठेवले, मग रडत कबूल केले की चार मुले मिळून बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यामागे गांजा ओढतात आणि हे सहा महिने चालू आहे. त्याची बुद्धी कायमची मंदावली असेल का? दहावीसाठी आणखी एक शिकवणी लावली तर निभावेल का?
— एक आई

उत्तर : ताई, मुलाने रडत का होईना पण तुमच्याजवळ कबुली दिली, ही या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, ती वाट बंद होईल असे काही करू नका.

नवे ऐकलेले टिकवून ठेवण्याचे काम मेंदूच्या ज्या भागाकडे असते, नेमक्या त्याच भागावर गांजातील टीएचसी हे द्रव्य परिणाम करते. शिवाय ते शरीरातील चरबीत साठून सावकाश बाहेर पडते, त्यामुळे रोज ओढणाऱ्या मुलाच्या बाबतीत संध्याकाळची नशा संध्याकाळपुरती राहत नाही. माझ्याकडे आलेल्या अशाच एका मुलाची भूमितीची वही मला अजून आठवते. आकृती नीट काढलेली, ‘पक्ष’ लिहिलेला, ‘साध्य’ लिहिलेले, ‘सिद्धता’ या शब्दाखाली दोन ओळी आणि पुढे पान कोरे. आणि असे एकदा नव्हे, तर लागोपाठ सात प्रमेयांत. तो मुलगा आळशी नव्हता. दोन पायऱ्या मनात धरून तिसरी लिहायची, एवढी पकडच त्याच्याकडे उरली नव्हती. म्हणून माझ्या पाहण्यात गणित आणि विज्ञान आधी ढासळतात, मराठी-हिंदी बरेच दिवस तग धरून राहतात, आणि पालकांना वाटते की मुलगा फक्त गणितात कच्चा आहे.

आपल्याकडे हे लपण्याचे आणखी एक कारण आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचे कोकण विभागीय मंडळ दहावीच्या निकालात वर्षानुवर्षे राज्यात पहिले येते. 2025 मध्ये हा निकाल 98.82 टक्के लागला. याचा अभिमान जरूर असावा. परंतु अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण धरून 35 गुणांना उत्तीर्ण होता येत असल्यामुळे, ऐंशीची कुवत असलेला मुलगा पन्नाशीवर आला तरी त्याच्या नावापुढे ‘उत्तीर्ण’च लागते आणि घरात पेढे वाटले जातात. गुणपत्रिका ही बातमी फार उशिरा देते. झोपेची वेळ, सोमवारची गैरहजेरी, अर्धवट राहिलेला गृहपाठ आणि जुने मित्र अचानक घरी यायचे बंद होणे, या गोष्टी कितीतरी आधी दिसू लागतात.

कायमच्या परिणामाविषयी बोलायचे तर, न्यूझीलंडमधील डनेडिन शहरात 1972-73 मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांचा पाठपुरावा करणाऱ्या प्रकल्पात, किशोरवयात गांजा सुरू करून तो पुढे अनेक वर्षे चालू ठेवणाऱ्यांचा बुद्ध्यांक अडतिसाव्या वर्षापर्यंत सरासरी आठ अंकांपर्यंत घटल्याचे 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांनी, यातला बराचसा फरक घरच्या परिस्थितीमुळे असावा, असा आक्षेपही घेतला. हा वाद अजून मिटलेला नाही. तुमच्या मुलाचे मात्र सहा महिने झाले आहेत, वीस वर्षे नव्हे. 2018 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या तरुण मुलांनी महिनाभर गांजा थांबवला त्यांची नवे शिकून लक्षात ठेवण्याची क्षमता सुधारली आणि त्यातली बरीचशी सुधारणा पहिल्याच आठवड्यात झाली, असे आढळले. ही खिडकी अजून उघडी आहे.

गांजामुळेच गुण गेले का, हे मात्र मी ठामपणे सांगणार नाही. कधी अभ्यास आधी सुटतो, वर्गात मान खाली जाते आणि त्या कमीपणातून मूल कारखान्यामागच्या कंपूत जाऊन बसते. आठवीच्या शेवटी बीजगणित जड जात होते का, वडील नसताना घरात काय होते, हे त्याला शांतपणे विचारा.

शिकवणी आत्ता लावू नका. ज्याच्या डोक्यात पहिल्या तासाचे राहत नाही, त्याला तिसऱ्या तासाचा उपयोग नाही, आणि शिकवणीच्या नावाने संध्याकाळी आणखी दीड तास बाहेर राहण्याची आयती सोय होते. आधी जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात त्याला दाखवा. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे, पण त्या नावाने घाबरू नका. अशा मुलांपैकी बहुतेकांना दाखल करावे लागत नाही. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी 14416 हे शासनाचे विनाशुल्क दूरध्वनी आहेत. गांजा थांबवल्यावर पहिला आठवडाभर चिडचिड, निद्रानाश, वाईट स्वप्ने आणि जेवणावरची वासना उडणे हे सगळे होईल; तेव्हा ‘सोडल्यावर उलट बिघडला’ असे समजून हाय खाऊ नका. शाळेत सगळ्यांना सांगण्याची गरज नाही, पण ज्यांच्यावर त्याचा विश्वास आहे अशा एका शिक्षकांना जरूर सांगा.

प्रश्न : मी गुहागर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत वर्गशिक्षक आहे. मधल्या सुट्टीनंतर आठवीची तीन मुले वर्गात नसतात. शौचालयामागे पंक्चरच्या सोल्युशनच्या नळ्या आणि कुबट वासाचा रुमाल सापडला. वरिष्ठांचे म्हणणे, दाखला हातात द्या आणि मोकळे व्हा. मी काय करावे?
— एक शिक्षक

उत्तर : गुरुजी, चरस-गांजाची चर्चा सगळेच करतात. 2023 च्या ऑगस्टमध्ये दापोली-गुहागरच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटे वाहून आली, तेव्हापासून तर प्रत्येक जण समुद्राकडे बोट दाखवतो. पण मुले नशेसाठी रुमालावर घेऊन हुंगतात ते सोल्युशन सायकलच्या दुकानात मिळते आणि रंग पातळ करायचा थिनर फायबरच्या होड्या दुरुस्त होतात तिथे उघड्यावर असतो. केंद्र शासनाने एम्सकडून करवून घेतलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, हुंगण्याचे पदार्थ हा एकच प्रकार असा निघाला की ज्यात 10 ते 17 वयाच्या मुलांचे प्रमाण प्रौढांपेक्षा जास्त होते : मुलांत 1.17 टक्के, प्रौढांत 0.58.

एक गोष्ट शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सर्वांना सांगून ठेवा. हुंगत असलेल्या मुलावर ओरडत धावून जाऊ नका, त्याचा पाठलाग करू नका. या वाफांमुळे हृदय अतिसंवेदनशील झालेले असते आणि दचकून धावल्याने त्याचे ठोके बिघडून जागीच मृत्यू येऊ शकतो, अगदी पहिल्या वेळीसुद्धा. शांतपणे मोकळ्या हवेत आणा, बसवा, सोबत थांबा आणि शुद्ध हरपत असेल तर 108 ला फोन करा.

दाखला देण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. शाळा कायमची सुटली की दिवसाचे सहा तास मोकळे होतात आणि ते कुठे जातात हे तुम्हाला माहीत आहे. त्याऐवजी मधल्या सुट्टीनंतरही हजेरी घ्या. सकाळच्या हजेरीत ही मुले कधीच सापडत नाहीत. पालकांना एकत्र न बोलावता एकेकाला भेटा. मुलांना तंबाखू, दारू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 77 प्रमाणे सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते आणि शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास 2003 च्या कायद्याने बंदी आहे. तेव्हा कायद्याचा धाक दाखवायचाच असेल तर तो टपरीवाल्याला दाखवा.

प्रश्न : मी दहावीत आहे. आजी मिश्री लावते, मी रात्री अभ्यासाला तंबाखू लावतो. त्याने एकाग्रता वाढते, हे खरे ना?
— एक विद्यार्थी

उत्तर : बाळा, सुरुवातीला तसे वाटते खरे. पण निकोटिनचे रक्तातले प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते आणि मग जी अस्वस्थता सुरू होते ती पुढच्या चिमटीने थांबते. त्या थांबण्यालाच तू एकाग्रता म्हणतो आहेस. बोर्डाचा 80 गुणांचा पेपर तीन तासांचा असतो आणि तिथे चिमूट मिळत नाही. तंबाखू सोडण्यासाठी 1800-112-356 हा विनाशुल्क क्रमांक आहे. तो क्रमांक फिरवण्याआधी एक कर : पुढच्या सराव परीक्षेत शेवटच्या तासाभरात किती वेळा घड्याळाकडे पाहिलेस, त्याच्या रेघा कच्च्या कागदावर मार आणि मला कळव.