आधी मृग नक्षत्र नीट बघ
ताऱ्यांचा अभ्यास सुरू करायचाय ना, मग टेलिस्कोपची घाई नको करूस, साधी १० बाय ५० ची (१० पट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगाची) बायनॉक्युलर घे आणि जानेवारीत गावाबाहेर अंधारात जाऊन मृग नक्षत्र बघ, कारण ताऱ्यांचा जन्म आणि म्हातारपण दोन्ही तिथेच दिसतं. बाणाच्या तीन ताऱ्यांच्या जरा खाली धुरकट ठिपका आहे ना, तो तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा ढग, साधारण १३०० प्रकाशवर्षं लांब, तिथे आत्ताही तारे जन्मतायत, मी तर दर हिवाळ्यात बघतो. मृगातलाच काक्षी हा म्हातारा तारा तांबूस, म्हणजे थंड आणि फुगलेला. तिथलाच दुसरा तारा राजन्य निळसर, खूप तापलेला. रंगावरून तापमान कळतं हे डोक्यात बसलं की स्पेक्ट्रम, म्हणजे ताऱ्याच्या प्रकाशाचा रंगपट, सोप्पा जातो. आणि शेजारी वृषभ राशीत १०५४ साली दिसलेल्या एका ताऱ्याच्या स्फोटाचे अवशेष, त्यातला पल्सार, म्हणजे त्या ताऱ्याचा उरलेला गाभा, सेकंदाला ३० वेळा फिरतो! काक्षीही एक दिवस असाच फुटणार.