एक्सेल घेऊन नेब्रास्काच्या कोचवर वाद घालू नका

तुमची पोस्ट दोनदा वाचली. लिंकनला पीएचडीसाठी आलेले तुम्ही, लॅबमधला साठीचा टेक्निशियन, वादाचा विषय म्हणजे नेब्रास्का विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे कोच फ्रँक सोलिच यांना २००३ साली काढलं ते चूक (हे तुमचं म्हणणं) की बरोबर, आणि तुमच्या हातात एक्सेल. प्रत्येक कोचचे जिंकलेले-हरलेले सामने, टक्केवारी, रंगीत रकाने. तरी शेवटी सगळं टेबल हसलं आणि तुम्ही विचारताय की आकडे माझ्या बाजूने असून मी हरलो कसा. अहो, ही एक्सेल माझ्याकडेही होती. डिसेंबर २०१७ मधली. जुन्या लॅपटॉपवर अजून पडलेली असेल.

आधीच सांगतो, मी या खेळातला जाणकार वगैरे नाही. आयटीतला माणूस. जानेवारी २००४ मध्ये ओमाहाला आलो आणि ज्या आठवड्यात सोलिच यांच्या जागी बिल कॅलहन यांचं नाव जाहीर झालं त्याच आठवड्यात ऑफिसात रुजू झालो. पहिल्या दिवशी कँटीनमध्ये सगळे सुतकी चेहऱ्याने बसलेले. मला वाटलं कंपनी बुडतेय. ऑप्शन (चेंडू घेऊन पळण्यावर बेतलेली खेळाची पद्धत), रिक्रूटिंग (शाळकरी खेळाडूंना विद्यापीठाकडे ओढणं) वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही.

तुमची पहिली चूक (जी मीही केली होती) ही की तुम्ही दोन वेगळे वाद एकात घातलेत. सोलिच यांना काढणं हा एक वाद. त्यांच्या जागी कोणाला आणि कसं आणलं हा दुसरा. सोलिच यांचा हिशोब ५८-१९ (विजय-पराभव). शेवटच्या हंगामात ९-३ असताना गेले. तुम्ही हे आकडे टेबलावर टाकलेत आणि वाटलं की संपलं. पण समोरचा माणूस सोलिच यांच्या आधीचे कोच टॉम ऑसबोर्न यांची पंचवीस वर्षं जगलेला आहे. २५५ विजय, १९९४, १९९५ आणि १९९७ ची अजिंक्यपदं. त्याला सोलिच म्हटलं की कोलोराडोकडून खाल्लेला ६२-३६ चा मार आठवतो, आणि २००२ चा ७-७ चा हंगाम. त्याची भीती खोटी नव्हती. म्हणून माझं मत असं की सोलिच यांना काढण्यावर दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे बोलता येतं.

ज्यावर तसं बोलता येत नाही ते पुढचे ४१ दिवस. २९ नोव्हेंबरला जुना माणूस काढला, नवा जाहीर झाला ९ जानेवारीला. मधले आठवडे म्हणजे शाळकरी खेळाडूंच्या घरी जाऊन बसायचे दिवस, आणि तुमच्याकडे मुख्य कोचच नाही! दरम्यान बो पेलिनी यांनी तात्पुरते कोच म्हणून बोल सामना (हंगामानंतरचा मानाचा सामना) जिंकूनही दिला. शेवटी आले कॅलहन, ज्यांना रेडर्स या व्यावसायिक संघाने ४-१२ च्या हंगामानंतर नुकतंच काढलं होतं. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला ऑप्शन मोडून वेस्ट कोस्ट (छोट्या पासांवर चालणारी) पद्धत आणली. पहिल्याच वर्षी ५-६. १९६१ नंतरचा पहिला तोट्याचा हंगाम. हाताशी पोरगा नसताना पहिली सोयरीक मोडू नये हे आपल्याकडे लग्न जमवणाऱ्या कोणत्याही मावशीला कळतं.

२०१४ मध्ये पुन्हा तेच. कॅलहन यांच्यानंतर मुख्य कोच झालेले पेलिनी ६७-२७, सातही हंगामांत किमान नऊ विजय, पण तोंड फाटकं आणि मोठ्या सामन्यात हमखास फजिती. त्यांना घालवलं ते मी समजू शकतो. पण आणलं कोणाला, तर ६१ वर्षांच्या माइक रायली यांना, ज्यांचा ओरेगन स्टेटमधला हिशोब ९३-८०. माणूस अत्यंत सज्जन, यात वाद नाही. तीन वर्षांत १९-१९. सज्जनपणा आणि निकाल दोन्ही अगदी अपेक्षेप्रमाणे मिळाले.

आता माझी एक्सेल. रायलींना काढल्यावर स्कॉट फ्रॉस्ट येणार हे नक्की झालं. १९९७ च्या अजिंक्य संघाचा क्वार्टरबॅक (चढाई चालवणारा खेळाडू), नेब्रास्काचाच मुलगा, आणि कोच म्हणून सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाचा संघ त्याने अपराजित ठेवलेला. मी प्रोजेक्टर लावायचाच बाकी ठेवला होता. २०१५ मध्ये ०-१२ असलेला संघ दोन वर्षांत शिखरावर, याहून वेगळा पुरावा काय हवा? शेजारच्या क्युबिकलमधले एक म्हातारे गृहस्थ सँडविच खात ऐकत होते. त्यांनी एवढंच विचारलं, “०-१२ च्या आधी तिथे काय होतं?”

मला माहीत नव्हतं. घरी जाऊन पाहिलं. २०१३ मध्ये तोच संघ १२-१ होता आणि फिएस्टा बोलमध्ये बेलरला हरवून आला होता. कोच होते जॉर्ज ओ’लिअरी. तेच, जे २००१ च्या डिसेंबरात नोटर डेम विद्यापीठाचे कोच म्हणून पाच दिवस टिकले आणि बायोडेटातल्या थापा उघड झाल्यावर गेले! म्हणजे फ्रॉस्टला जे मिळालं ते ओसाड रान नव्हतं, पडीक पण कसदार जमीन होती. शकीम ग्रिफिनसारखे खेळाडू आधीच तिथे होते. (क्वार्टरबॅक मॅकेन्झी मिल्टनला मात्र फ्रॉस्टने आणलं, ते श्रेय त्याचंच.)

हे सगळं पाहूनसुद्धा मी म्हणेन की त्या दिवशी फ्रॉस्टची नेमणूक बरोबरच होती. जुन्या नेमणुकीवर बोलायचं तर त्या सकाळी काय माहीत होतं तेवढंच धरा. त्या सकाळी नेब्रास्कात त्याला नको म्हणणारा माणूस मला तरी भेटला नाही. आता सगळे म्हणतात, आम्हाला आधीच कळलं होतं. चॅपेलबद्दल आपल्याकडे जसे म्हणतात तसंच.

खरी चूक नोव्हेंबर २०१९ मधली. पहिलं वर्ष ४-८, दुसऱ्या वर्षी तोवर ४-५, आणि कोणी मागत नसताना फ्रॉस्टचा करार दोन वर्षांनी वाढवून २०२६ पर्यंत नेला. का? नोटर डेमने २००५ मध्ये चार्ली वाइस यांना सातच सामने झाले असताना दहा वर्षांचा नवा करार दिला होता, आणि २००९ मध्ये काढल्यावर एकूण जवळजवळ १.९ कोटी डॉलर मोजले होते. ते उदाहरण सगळ्यांसमोर होतं. पुढे २०२१ मध्ये फ्रॉस्टचा पगार आणि बायआउट (मुदतीआधी काढल्यास द्यायची रक्कम) दोन्ही कमी केले खरे, पण २०२२ मध्ये जॉर्जिया सदर्नकडून हरल्यावर ११ सप्टेंबरला काढलं तेव्हा दीड कोटी द्यावे लागले. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर निम्मे. तीन आठवड्यांसाठी पंचाहत्तर लाख डॉलर! लोक नेमणुकीवर भांडतात, पण पैसा जातो तो असल्या पुरवणी करारांत.

हसू नका, पण हेच मी घरी केलं. २०१८ च्या उन्हाळ्यात फ्रॉस्टच्या जोशात, तिकिटांची दलाली करणाऱ्या एका ऑफिसकडून (नाव घेत नाही) दोन हंगामांच्या दोन सीट घेतल्या. पहिला सामना अ‍ॅक्रनशी, १ सप्टेंबर. शिकागोहून मेहुणा आणि त्याची बायको आलेली, त्यांच्यासाठी दोन जादा तिकिटं. किकऑफ (सामना सुरू करणारी पहिली लाथ) झाला आणि विजा चमकायला लागल्या. स्टेडियम रिकामं करायला लावलं, काही तास आम्ही गाडीत चिवडा खात बसलो, मग सामना रद्द. सोमवारी ऑफिसला फोन केला तर बाई म्हणाल्या की किकऑफ झाला ना, म्हणजे कार्यक्रम सुरू झाला, परतावा नाही. एका किकऑफचे चार तिकिटांचे पैसे. मेहुणा अजून प्रत्येक दिवाळीला विचारतो, स्कोअर काय झाला होता?

एवढ्यावर शहाणं व्हायला हवं होतं. पण २०१९ च्या ऑक्टोबरात त्याच ऑफिसचा ईमेल आला, “आत्ता नूतनीकरण केलंत तर सवलत.” मी पुढच्या दोन हंगामांचे पैसे भरून टाकले. माझा करार संपायला अजून दोन महिने होते, घाई कोणालाच नव्हती. सौ.ने विचारलंही की हा संघ जिंकतो तरी का. २०२० मध्ये साथीमुळे स्टेडियममध्ये प्रेक्षकच नव्हते. पैसे मागितले तर ‘क्रेडिट’ दिलं. क्रेडिट वापरायला गेलो तर ते फक्त नव्या दोन वर्षांच्या करारावर चालणार. सात ईमेल, तीन फोन, प्रत्येक वेळी नवीन माणूस आणि मी पहिल्यापासून कहाणी सांगायची. २०२१ च्या हंगामात मात्र गेलो. ३-९, आणि नऊच्या नऊ पराभव एक आकडी फरकाने. दर शनिवारी शेवटच्या पाच मिनिटांत आशा लावायची आणि मग थंडीत गाडी शोधत फिरायचं. (नोव्हेंबरात त्या धातूच्या बाकांवर बसायला उशी न्याच. आणि शाकाहारी असाल तर रन्झा (इकडचा सारण भरलेला पाव) विचारून घ्या, नेहमीच्या रन्झात बीफ असतं.)

मुद्द्यावर येतो. तुमच्या टेक्निशियनला पुढच्या वेळी एक्सेल दाखवू नका. जीन चिझिक यांचं विचारा. आयोवा स्टेटमध्ये ५-१९, तरी ऑबर्नने २००८ च्या डिसेंबरात त्यांना घेतलं. २०१० मध्ये कॅम न्यूटनला घेऊन अजिंक्यपद. २०१२ मध्ये ३-९ आणि घरी. ही नेमणूक चांगली की वाईट? तुमच्या एक्सेलमध्ये याला कोणता रंग देणार? किंवा अलाबामा घ्या. २००६ च्या डिसेंबरात त्यांनी आधी रिच रॉड्रिगेझ यांना विचारलं होतं. ते नाही म्हणाले, म्हणून जानेवारीत निक सेबन आले आणि पुढचा इतिहास घडला. रॉड्रिगेझ वर्षभराने मिशिगनला गेले आणि तीन वर्षांत १५-२२. म्हणून मिशिगनची निवड मूर्खपणाची आणि अलाबामाची थोर, असं म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही. ज्यांना कोणी नकार दिला त्यांचंच पुढे भलं झालं, यात निवड समितीची अक्कल किती धरायची हे तुम्हीच ठरवा. अर्थात हे माझं मत. ऑफिसात निम्मे लोक मला अजून फ्रॉस्टचा माणूस म्हणतात.

आणि एक. तुमचा टेक्निशियन साठीचा आहे म्हणता, तर २०१८ च्या त्या अ‍ॅक्रनच्या रात्री तो स्टेडियमच्या आसपास असण्याची शक्यता दाट आहे. एकदा विचारून बघा. सोलिचचा विषय तासभर तरी मागे पडेल. तिकीट मात्र सामन्याच्या आठवड्यातच घ्या, एकाच सामन्याचं. माझं क्रेडिट अजून त्या ऑफिसात पडून आहे, हवं असेल तर फुकट देतो, फक्त ते हस्तांतरित करता येत नाही म्हणतात.