जुन्या मालिकांच्या डीव्हीडी फोर-के टीव्हीवर धूसर दिसतात. ब्लू-रे घेतल्याने फरक पडेल का?
मालिका फिल्मवर चित्रित झाली असेल तर नक्की पडेल, व्हिडिओ टेपवरची असेल तर फारसा नाही. नागपुरात मी लग्नाच्या जुन्या कॅसेट डिजिटल करून देतो, त्यामुळे हे रोजच बघतो: आपल्याकडच्या जुन्या टीव्ही-पद्धतीच्या (PAL, 'पाल') चित्रात 576 च ओळी, आणि फोर-के पडद्याला हव्यात 2160. बाकीच्या ओळी टीव्ही अंदाजाने भरतो, म्हणून चेहरे गुळगुळीत होतात. 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका 1966 ची, पण 35 मिमी फिल्मवरची. ब्लू-रेवर तिच्या कपड्यांचा पोतसुद्धा दिसतो, बघाच एकदा! मात्र फिल्म असली तरी ती नव्याने स्कॅन केलेली हवी, जुन्या टेपवरून छापलेली ब्लू-रे घेऊ नका. आहे त्या डीव्हीडीसाठी टीव्हीचं शार्पनेस बरंच कमी करा. हलत्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसले तर प्लेअरचं डीइंटरलेसिंग (एकाआड एक येणाऱ्या ओळी जुळवून अखंड चित्र करणारी सोय) सुरू करा.