सुट्टी झाली, पण जुन्या गोळ्यांचं काय?

प्रश्न: डॉक्टर साहेब नमस्कार, आम्ही जिंतूर तालुक्यातले. आमच्या आबांची (वय ६८) संभाजीनगरला अँजिओप्लास्टी झाली, चौथ्या दिवशी सुट्टी दिली. घरी आल्यावर आबा नव्या गोळ्या घ्यायले अन् बीपीची जुनी गोळी पण चालूच, कारण बंद करा असं कुणी म्हणलंच नाही. आठव्या दिवशी ओट्यावरून उठताना भोवळ येऊन पडले, गावातल्या डॉक्टरांनी बघितलं तर वरचं बीपी ९०. ते म्हणायलेत, सुट्टीच्या कार्डावरून काहीच कळंना, मी माझ्या मनानं गोळी बंद करणार नाही. दवाखान्यात फोन लावला तर रिसेप्शनवाल्या ताई म्हणतात फॉलोअपला या. एसटीनं जायचं म्हणलं की अख्खा दिवस जातोय. आम्ही ऐकायचं कुणाचं?

उत्तर: दादा, अंक छापून यायला वेळ लागतो म्हणून तुम्हाला फोनवर आधीच बोललो, बाकीच्यांसाठी इथं लिहितो. मी या दादांना बीपीच्या जुन्या अन् नव्या अशा दोन्ही स्ट्रिपचा फोटो पाठवायला सांगितला. वर मोठ्या अक्षरात कंपनीची नावं वेगवेगळी, पण खाली बारीक अक्षरात दोन्हीकडं बीपीचं एकच औषध, टेल्मिसार्टन ४०! म्हणजे आबा आठ दिवस डबल डोस घेत होते आणि वरून हार्टसाठी दिलेली दुसरी गोळी, तीही बीपी खाली आणणारीच. गावातल्या डॉक्टरांनी मग दवाखान्यातल्या डॉक्टरांशी थेट बोलून जुनी स्ट्रिप बंद केली, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते कळतं) आणि पोटॅशियम तपासायला सांगितलं. एक मात्र सगळ्यांनी ध्यानात ठेवा, स्टेंट (अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवतात ती जाळी) टाकल्यावर रक्त पातळ करायच्या ज्या गोळ्या देतात त्या चक्कर येतीय म्हणून आपल्या मनानं कधीच सोडायच्या नाहीत, स्टेंटमध्ये गुठळी होऊन जिवावर बेततं.

आता चूक कुणाची? खरं सांगू का, मी शिकाऊ डॉक्टर असताना रात्री दोन-दोनला बसून दहा-बारा डिस्चार्ज कार्डं लिहायचो, आदल्या पेशंटचं कार्ड समोर धरायचं अन् तसंच उतरवायचं, आणि शेवटी ‘जुनी औषधं चालू ठेवा’ असं ठोकून द्यायचं. जुनी म्हणजे कोणती, हे मी किती जणांना विचारलं असेल देव जाणे. ते कार्ड म्हणजे खरं तर गावातल्या डॉक्टरला लिहिलेलं पत्र असतं, आपण त्याची बिलासोबतची पावती करून टाकली. पण गावाकडच्या माझ्या दोस्तांनो, तुमची चिठ्ठी तरी काय असते? ‘छातीत दुखतंय, पुढे पाठवत आहे’, झालं. पेशंट आधी कोणत्या गोळ्या खातो हे त्यात नसेल तर वरच्या डॉक्टरला स्वप्न पडणार आहे का.

म्हणून पेशंटला नेतानाच घरातल्या सगळ्या स्ट्रिप पिशवीत टाकून न्या, अगदी गुडघेदुखीची सुद्धा. सुट्टीच्या दिवशी बिल भरायच्या गडबडीत निघायचं नाही, सिस्टरला नाहीतर डॉक्टरला त्या स्ट्रिप एकेक दाखवून विचारायचं, ही चालू का बंद? ‘बंद’ हा शब्द कार्डावर लिहूनच घ्या, तोंडी सांगितलेलं वाटेतच विसरतंय. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एवढं कार्डाच्या मागं पेनानं लिहून ठेवा. आणि गावातल्या डॉक्टरचं काही अडलं तर कुणाला फोन करायचा तो नंबर मागा, रिसेप्शनचा नाही, वॉर्डाचा. जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन झालं असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला (दवाखान्यात बसणारा योजनेचा माणूस) गाठा, सुट्टीनंतर १० दिवसांपर्यंतची औषधं पॅकेजमध्येच असतात, बरेच जण ती खिशातून घेतात.

प्रश्न: मामांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, काढलेला तुकडा तपासायला पाठवलाय म्हणले. दोन महिने झाले, कुणाचाच फोन नाही, म्हणजे सगळं नॉर्मल समजायचं ना? (वाचक, हिंगोली)

उत्तर: अजिबात समजू नका. रिपोर्ट साधारण आठवड्याभरात येतो, पण तोवर पेशंट घरी गेलेला असतो आणि कागद लॅबच्या खणात पडून राहतो. फोन आला नाही याचा अर्थ फक्त फोन आला नाही. जाऊन रिपोर्ट हातात घ्या. टाळाटाळ केली तर लेखी अर्ज द्या, मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे अ‍ॅडमिट पेशंटचे कागद ३ वर्षं जपून ठेवायचे आणि मागितल्यावर ७२ तासांच्या आत द्यायचे असतात. अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का घ्या. आणि रिपोर्ट मिळाला की मामांसोबत तो तुमच्या गावातल्या डॉक्टरांना दाखवा, ऑपरेशनला ज्यांनी पाठवलं होतं त्यांनाच.