सह्या गोळा करायच्या आधी

तुमच्या मुलीच्या वर्गातल्या एका मुलाच्या आईवडिलांचा आश्रयाचा अर्ज होम ऑफिसने, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याने, फेटाळला, अपीलही गेलं, आणि शाळेच्या फाटकापाशी भेटणाऱ्या पालकांना आता काहीतरी करायचंय. ऑनलाइन याचिका आज रात्रीच टाकू का, आणि मी स्वतः वर्क व्हिसावर असताना यात पडू का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर: आज रात्री नको. दुसऱ्याचं: पडा, पण कुठे उभं राहायचं ते आधी ठरवून.

मी गेली सोळा-सतरा वर्षं उत्तर इंग्लंडमध्ये या कामात, म्हणजे अशा कुटुंबांची हद्दपारी थांबवायच्या मोहिमांत आहे. सुरुवात सभेला आलेल्यांसाठी चहा करण्यापासून झाली, आणि खरं सांगायचं तर अजूनही निम्मं काम तेच आहे.

आज रात्री का नको, ते आमच्याच घोडचुकीवरून सांगते. आमच्या दुसऱ्या मोहिमेत एका तरुणाचं नाव, गाव, फोटो असं सगळं आम्ही स्थानिक पेपरला देऊन टाकलं. त्याला विचारलं होतं, नाही असं नाही. पण कसं, तर घोळक्यात, सगळे उत्साहात असताना, "चालेल ना तुला?" असं. त्याने मान डोलावली. वर्षानुवर्षं अधिकाऱ्यांसमोर मान डोलवून जगलेला माणूस आपल्यासमोर वेगळं काय करणार? बातमी इंटरनेटवर चढली आणि पंधरा दिवसांत त्याच्या गावी भावाच्या दाराशी चौकशीला माणसं आली. भाऊ सुखरूप राहिला. तो तरुण मात्र आमच्याशी बोलायचा बंद झाला, आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

तेव्हा आधी विचारा. नवऱ्याला आणि बायकोला वेगवेगळं विचारा. दुभाषी लागलाच तर मुलाला दुभाषी करू नका, आणि त्यांच्याच समाजातल्या ओळखीच्या माणसालाही शक्यतो नको. "नाही" म्हणायला दोन दिवस द्या. वेगवेगळं विचारण्याला आणखी एक कारण आहे. पुष्कळदा अर्ज नवऱ्याच्या नावावर असतो आणि बायको त्यात फक्त अवलंबून म्हणून. तिची स्वतःची हकीकत वेगळी असू शकते, नवऱ्यापुढे कधी न उच्चारलेली. ती तुम्हाला कळायची गरज नाही, वकिलाला कळायला हवी. त्याने अख्खी केस फिरू शकते.

आता वकील. केस नेमकी कुठे अडली आहे हे कागद बघून वकीलच सांगेल. पहिल्या नकारानंतर अपिलाला साधारण १४ दिवस असतात. तुमच्याकडे तो टप्पा मागे पडलाय. अपिलाचे सगळे मार्ग संपले असतील तर नवा पुरावा घेऊन पुन्हा मांडणी करता येते, पण तो पुरावा आधीच्यापेक्षा खरोखर वेगळा आणि वजनदार लागतो. मुलगा इथे किती वर्षं आहे हेही वकिलाला आवर्जून विचारायला सांगा. सलग सात वर्षं इथे राहिलेल्या मुलाला देश सोडायला लावणं वाजवी आहे का, हे २००२ च्या कायद्यानुसार तपासावं लागतं. इथेच जन्मून वयाची पहिली दहा वर्षं इथे काढलेल्या मुलाला तर १९८१ च्या नागरिकत्व कायद्याखाली ब्रिटिश म्हणून नोंदणीचा हक्क मिळतो. कित्येक घरांना हे कोणी सांगितलेलंच नसतं.

पण हे मी तुम्हाला सांगतेय, तुम्ही त्यांना सल्ला म्हणून सांगू नका. ब्रिटनमध्ये परवानगी नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं हा १९९९ च्या कायद्याने गुन्हा आहे, फुकट दिला तरीसुद्धा. "वकिलाला हे विचारा" इथवर थांबायचं. फॉर्म भरून देण्याचा मोह फार होतो, आपल्याकडच्या शिकलेल्या लोकांना तर जरा जास्तच. आवरा.

मग मोहिमेने करायचं काय? कागद. समर्थनाची पत्रं हा कंटाळवाणा भाग आहे आणि माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोगाचा. एकच मजकूर छापून त्याखाली ऐंशी सह्या घेतल्या तर तो एकाच पत्राइतका मोजला जातो, किंवा तेवढाही नाही. प्रत्येकाने स्वतःचं लिहावं: मी कोण, इथे माझा दर्जा काय, या कुटुंबाला कधीपासून आणि कशामुळे ओळखतो, मी स्वतः काय पाहिलं. "फार चांगली माणसं आहेत" याला किंमत शून्य. "गेल्या हिवाळ्यात मी पाय मोडून पडले तेव्हा सहा आठवडे ही बाई माझ्या मुलांना शाळेत सोडत होती" याला किंमत आहे. तारीख, पत्ता, सही. मुख्याध्यापकांचं पत्र शाळेच्या लेटरहेडवर. आणि सगळं आधी वकिलाकडे, कारण प्रेमापोटी लिहिलेली एखादी चुकीची तारीखसुद्धा पुढे "जबानीत विसंगती" म्हणून अंगावर येते.

खासदाराकडे जा. मदत मागायला मतदार असावं लागत नाही, त्या मतदारसंघात राहणं पुरतं; फक्त कुटुंबाची लेखी संमती लागते. खासदार निर्णय देत नाही, पण त्याचं पत्र गेलं की फाइल कोणीतरी उघडतं.

याचिकेचाही उपयोग आहे, फक्त लोक समजतात तो नाही. न्यायाधीश सह्या मोजत बसत नाही. सह्यांची यादी तुमच्यासाठी असते: सही करणाऱ्या दोनशेंपैकी सभेला वीस येतील, आणि त्या वीसांतले चार जण पहाटे फोन उचलतील. ते चार शोधायला याचिका.

जुन्या लढ्यांतलं एक उदाहरण मी नव्या लोकांना नेहमी सांगते. अन्वर दित्ता, बर्मिंगहॅममध्ये जन्मलेली, रॉचडेलला राहणारी. तिची तीन मुलं पाकिस्तानात होती आणि होम ऑफिस म्हणे ती तिची मुलंच नव्हेत. ती सभांमागून सभा घेत फिरली, ट्रेड युनियन, महिला संघटना, आशियाई तरुणांचे गट तिच्यामागे उभे राहिले. पण शेवटी गाठ सुटली ती ग्रॅनडा टीव्हीच्या 'वर्ल्ड इन ॲक्शन'ने रक्ततपासण्या करून पुरावा पडद्यावर मांडला तेव्हा. १९८१ साली मुलं आईकडे आली. सभा झाल्या नसत्या तर टीव्हीवाले तिच्या दारात आलेच नसते, आणि रक्ताचा अहवाल नसता तर सभा कितीही झाल्या तरी मुलं आली नसती.

हरलेली लढाईही ऐका. विराज मेंडिस हा श्रीलंकेचा तरुण डिसेंबर १९८६ पासून मँचेस्टरच्या हल्म भागातल्या एका चर्चमध्ये आश्रयाला राहिला, दोन वर्षांहून जास्त. देशभर मोहीम चालली. जानेवारी १९८९ मध्ये पोलीस चर्चचं दार फोडून आत शिरले आणि त्याला श्रीलंकेला पाठवून दिलं. मोहीम लहान होती म्हणून तो हरला, असं कोणी म्हणणार नाही. म्हणून कुटुंबाला कधीही "आम्ही तुम्हाला जाऊ देणार नाही" असा शब्द देऊ नका. मी एकदा दिला होता.

आणि ग्लासगो. १३ मे २०२१, ईदचा दिवस, केनम्युअर स्ट्रीट. इमिग्रेशनची गाडी दोन भारतीय पुरुषांना घेऊन निघायच्या बेतात होती. एक जण गाडीखाली जाऊन झोपला, पाहता पाहता शेकडो शेजारी जमले, आणि सुमारे आठ तासांनी पोलिसांनी दोघांना सोडून दिलं. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. त्यामागची वर्षं कोणी पाहत नाही. त्याच शहरात २००५ मध्ये ड्रमचॅपल हायस्कूलच्या सात मुलींनी पहाटेच्या धाडीत नेलेल्या मैत्रिणीसाठी आवाज उठवला होता. २०१८ मध्ये आश्रयार्थींच्या घरांची कुलुपं बदलून त्यांना बाहेर काढायचा घाट घातला गेला, तेव्हा गल्लीगल्लीत फोनची साखळी उभी राहिली. त्या सकाळी गर्दी जमली ती या साखळीवर.

आता तुमच्या व्हिसाचं. कायद्यात राहून केलेल्या निदर्शनाला जाणं, पत्र लिहिणं, होम ऑफिसच्या हजेरीच्या सहीला कुटुंबासोबत जाणं, वर्गणी काढणं, यातलं काहीही स्किल्ड वर्कर व्हिसावर करायला बंदी नाही. पण अटक आणि शिक्षा झाली तर ती मुदतवाढीच्या, कायमच्या वास्तव्याच्या, नागरिकत्वाच्या अर्जात आडवी येऊ शकते. गाडीसमोर बसायचं काम ब्रिटिश पासपोर्टवाल्यांचं. आमच्या गटात सभा सुरू होतानाच हे उघड बोललं जातं आणि कोणी कोणाला भित्रा म्हणत नाही. हिशेब ठेवणारा, गाडी चालवणारा, मुलांना सांभाळणारा माणूस मिळवणं घोषणा देणारा मिळवण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं, हे अनुभवाचे बोल.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या महाराष्ट्र मंडळातले काही जण "आम्ही व्हिसा काढून, फी भरून रांगेत आलो, यांनी का घुसायचं?" असं म्हणतात. हे मीही दर गणपतीत ऐकते. त्यांना एवढंच सांगा की आश्रयासाठी रांगच नाही. ब्रिटनमध्ये आश्रय मागायला आधी ब्रिटनमध्ये पोचावं लागतं, आणि त्यासाठी वेगळा व्हिसा मिळत नाही. जीव वाचवायला पळालेला माणूस कागदांशिवाय येऊ शकतो हे १९५१ च्या निर्वासित कराराने गृहीतच धरलंय. त्याच्या ३१ व्या कलमात तशा प्रवेशाबद्दल शिक्षा न करण्याची तरतूद आहे. "बसून खातात" असंही कोणी म्हणेल. अर्ज वर्षभर रखडल्याखेरीज त्यांना कामाची परवानगी मागताही येत नाही, आणि मिळाली तरी ठरावीक कामांचीच. २०२४ मध्ये सरकारने दिलेल्या घरात स्वयंपाक स्वतः करणाऱ्या आश्रयार्थींना माणशी आठवड्याला ४९.१८ पौंड भत्ता मिळत होता. वाद यापुढे वाढवू नका, मंडळातल्या एखाद्याकडून पत्र लिहून घ्या. ते जास्त कामाला येतं.

पत्रकात मुलगा गणितात पहिला येतो, बाबा चर्चमध्ये झाडलोट करतात, असं लिहायचा मोह होईल. वकिलाच्या फाइलीत ते जरूर असू दे. पण भिंतीवर लावायच्या कागदावर मी ते हल्ली येऊ देत नाही. शेवटच्या बाकावरच्या मुलाची वेळ येते तेव्हा त्याच्यासाठी काय छापणार आपण?

राहिली धोक्याची बाजू. त्या कुटुंबाला ठरावीक दिवशी रिपोर्टिंग सेंटरला, म्हणजे होम ऑफिसच्या हजेरी केंद्रावर, सहीला जावं लागत असेल. धरलं जाण्याची भीती सगळ्यात जास्त तिथेच असते. ब्रिटनमध्ये डिटेन्शनला, म्हणजे इमिग्रेशनच्या कोठडीला, कमाल मुदत नाही. आत गेलेला माणूस किती दिवसांनी बाहेर येईल हे त्याला कोणी सांगू शकत नाही. म्हणून तयारी आधीच करून ठेवा. वकिलाचा आणि तुमच्यातल्या दोघांचा नंबर कागदावर लिहून खिशात, कारण फोन काढून घेतला जाऊ शकतो. औषधं जवळ. कागदांची एक प्रत बाहेर कोणाकडे तरी. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मुलाला कोण घेणार हे ठरलेलं आणि शाळेला कळवलेलं. धरलंच तर जामिनाचा अर्ज करता येतो, आणि त्या सुनावणीला तुम्हाला बसता येतं. मी बसलेय कितीतरी वेळा. मागच्या बाकावर सात-आठ शेजारी गप्प बसलेत हे न्यायाधीशाला दिसतं, आणि व्हिडिओवरून बघणाऱ्या त्या माणसालाही.

तर आज रात्री याचिका नको. उद्या फाटकापाशी त्या आईला एकटीला गाठा आणि विचारा, पुढची सही कधी आहे, मी सोबत येऊ का? हो म्हणाली तर छत्री घेऊन जा, रांग बाहेर असते. आमच्याकडे आत फोन बंद ठेवावा लागतो, तेव्हा आत शिरताना घरी कोणाला तरी वेळ कळवा. तासाभरात बाहेर आल्याचा निरोप गेला नाही, तर वकिलाला फोन करायचं काम त्या माणसाचं.