बॅरिॲट्रिक सर्जनची पहिली भेट: सोबत काय न्यायचं आणि काय विचारायचं?

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: वय 41, उंची 160 सेंटिमीटर, वजन 96 किलो, सहा वर्षांपासून डायबेटिस, रात्री जोरात घोरणं. घर ठाण्यात, कासारवडवलीला, आणि शनिवारी वाशीत बॅरिॲट्रिक सर्जनची, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठर लहान करण्याचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांची, पहिली अपॉइंटमेंट. मी बॅरिॲट्रिक पेशंटची आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. रिपोर्टची फाइल तुम्ही नेणारच आहात, पण त्याआधी हाताने एक पान लिहून काढा. पहिल्या भेटीत जेमतेम पंधरा-वीस मिनिटं मिळतात आणि तेवढ्यात वीस वर्षांचं वजन तोंडी सांगता येत नाही.

पानावर वजनाचा प्रवास लिहा. कोणत्या वर्षी किती होतं, कशानंतर वाढलं, कोणता उपाय किती महिने केला, किती किलो उतरले आणि किती दिवसांत परत आले. ‘खूप डाएट केलं’ एवढ्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. ‘2022 मध्ये पाच महिने डाएट, 8 किलो उतरलं, वर्षभरात परत आलं’ यावरून बरंच कळतं. वजनासाठी सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपॅटाइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर डोस आणि शेवटची तारीख लिहा. घेतलं नसेल, तर ‘आधी इंजेक्शन करून पाहावं का?’ हा प्रश्न मोकळेपणाने विचारा.

खाली तीन दिवसांचं खाणं लिहा, त्यातला एक रविवार. जेवण सगळे लिहितात, चहा कुणी लिहीत नाही. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे दिवसाला साधारण 40 ग्रॅम साखर. रात्री उठून खाणं, एकटं असताना हात न थांबणं हेही लिहा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. हा त्रास आधी कळला तर समुपदेशन करता येतं. लपवला तर ऑपरेशननंतर तो आइस्क्रीम आणि गोड सरबतांच्या वाटेने परत येतो, कारण पातळ गोड पदार्थ लहान पोटातूनही सहज उतरतात. चतुर्थी, नवरात्राचे उपास करत असाल तर तेही सांगा. ऑपरेशननंतर सुरुवातीच्या महिन्यांत निर्जळी उपास अजिबात चालत नाही.

औषधांच्या स्ट्रिप्सच घेऊन जा. डायबेटिसच्या गोळ्यांत डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ती ऑपरेशनच्या साधारण तीन दिवस आधी बंद करतात, नाहीतर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन्स (चरबी जळताना बनणारे आम्लधर्मी घटक) वाढून जिवाला धोका होऊ शकतो. मात्र स्वतःहून काहीही बंद करू नका. गुडघ्यासाठी घेतलेल्या पेनकिलर, काढे, वजन कमी करायची पावडर, तंबाखू, मिश्री हे सगळं सांगा. मिश्रीला व्यसन न समजणारे खूप जण भेटतात, पण तिच्यातही निकोटिन असतं आणि निकोटिनने जखम उशिरा भरते.

आता ज्यावर ऑपरेशनचा प्रकार ठरतो ते: ॲसिडिटी. ऑपरेशनचे मुख्य प्रकार दोन, स्लीव्ह आणि बायपास. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग कापून काढतात आणि उरते एक अरुंद नळी. त्यात दाब वाढतो, म्हणून आधीच छातीत जळजळ किंवा आंबट पाणी वर येत असेल तर स्लीव्हनंतर ते वाढू शकतं. काढलेला भाग परत जोडता येत नाही. बायपासमध्ये साधारण 30 मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात. जळजळ आणि डायबेटिस दोन्हींसाठी तो बहुधा सरस ठरतो, पण त्यानंतर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या पेनकिलर टाळाव्या लागतात, कारण जोडाजवळ अल्सर होऊ शकतो. त्यामुळे ‘मला स्लीव्ह का, बायपास का नाही?’ हे नक्की विचारा, आणि त्याआधी एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून जठर पाहणं) होणार आहे का, तेही. डायबेटिससाठी सी-पेप्टाइड तपासणीबद्दल बोला. स्वादुपिंडाची इन्सुलिन बनवण्याची ताकद किती शिल्लक आहे ते त्यातून कळतं.

इन्शुरन्सचा मुद्दा जरा वेगळा आहे. तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) 37.5 येतो. 2022 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार 35 च्या पुढे ऑपरेशनचा विचार करता येतो, पण आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या प्रमाणित अटींनुसार विमा कंपनी 40 मागते, किंवा 35 सोबत गंभीर आजार: अनियंत्रित टाइप 2 डायबेटिस, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडखळणं), हृदयविकार. वर ‘साधे उपाय करून झाले’ याचा पुरावा. म्हणून स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, करून घ्या. तासाला 30 किंवा जास्त वेळा श्वास अडखळत असेल तर तो तीव्र ॲप्निया. भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही हा रिपोर्ट लागतो. एचबीए1सीचे (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे) जुने रिपोर्ट तारखेनुसार लावा आणि चपला काढून मोजलेली उंची व वजन पहिल्याच भेटीत केसपेपरवर नोंदवून घ्या. पॅकेजमध्ये स्टेपलरचा (जठर कापून शिवणाऱ्या उपकरणाचा) खर्च धरला आहे का, हे लेखी मागा. बिल फुगतं ते बहुतेक तिथेच.

धोक्यांबद्दल सर्जनना थेट विचारा: वर्षाला अशी किती ऑपरेशन करता, लीक (जठराच्या शिवणीतून गळती) किती जणांना झाला, झाल्यावर कुठे दाखल करता? बरेच सर्जन दोन-तीन हॉस्पिटलांत ऑपरेशन करतात. ताप, मिनिटाला 120 च्या वर नाडी, डाव्या खांद्यात दुखणं ही लीकची लक्षणं असू शकतात. ती रात्री दोन वाजता दिसली, तर घोडबंदर रोडवरून वाशीला यायचं की ठाण्यात कुठे जायचं, फोन कोण उचलणार? उत्तर नावानिशी हवं. उलट्या थांबतच नसतील तर व्हिटॅमिन बी1 लगेच द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. हेही तुमच्या जवळच्या डॉक्टरांना माहीत असू द्या.

पुढच्या खाण्याचा अंदाज आताच घ्या. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन लागतं. एका वाटी डाळीत सहा-सात ग्रॅम, 100 ग्रॅम पनीरमध्ये सुमारे 18. शाकाहारी असाल तर प्रोटीन पावडरचा महिन्याचा खर्च धरून चाला. कॅल्शियम, लोह, बी12, डी या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, आणि लोह व कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर लागतं. वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळायची असते. तोही विषय संकोच न करता काढा.

घरात स्वयंपाक जो करतो त्याला शनिवारी सोबत न्या. आणि रक्त त्याच दिवशी घेणार का, म्हणजे उपाशीपोटी यायचं का, हे शुक्रवारी फोन करून विचारा. उपाशी जायचं ठरलं तर सकाळच्या डायबेटिसच्या गोळीचं काय करायचं, हे त्याच फोनवर विचारून घ्या.